पट तिसाखाली गेल्यावर: एका द्विशिक्षकी शाळेतील वर्गसाहित्याच्या निधीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे आहे. शाळा पहिली ते चौथीपर्यंतची असून मुख्याध्यापिका आणि एक सहशिक्षक असे दोघेच तेथे शिकवतात. ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत. एका शिक्षकाकडे एका वेळी दोन इयत्ता असल्याने एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटाने स्वतःहून काही करत राहणे भाग असते. त्यासाठी अक्षरकार्डे, शब्दपट्ट्या, मणीमाळ, सुट्टे-दशक मोजण्याच्या काड्या, पाट्या असे हाताळण्याचे साहित्य मुबलक लागते. मोठ्या शाळेत असे साहित्य सोय ठरते, पण द्विशिक्षकी शाळेचे वेळापत्रकच त्याच्यावर उभे असते. हा मुद्दा पुढील सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे.

वर्गातील साहित्यासाठी सरकारने पैसा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान शैक्षणिक साहित्य देण्याचे ठरले होते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शाळेच्या अनुदानाखेरीज प्रत्येक शिक्षकाला साहित्यनिर्मितीसाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या नावाची होती आणि कशावर खर्च करायची हे तोच ठरवत असे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली, वेगवेगळी अनुदाने एकत्र झाली आणि शाळेच्या हाती संयुक्त शाळा अनुदान उरले. त्यात खडू, नोंदवह्या, वीजबिल, पाणी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, नादुरुस्त वस्तू बदलणे आणि शैक्षणिक साहित्य हे सगळे बसवायचे असते, आणि किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्य यांची अनुदाने वेगळी असून ती त्याच लेखाशीर्षाखाली खर्च व्हावी लागतात.

अनुदानाची रक्कम पटावर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १,००,००० रुपये अशी कमाल मर्यादा आहे. पट मोजला जातो तो यू-डायस प्लस या देशभरातील शाळांची माहिती भरण्याच्या संगणकीय प्रणालीत ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाला भरलेल्या माहितीवरून.

अडचण

प्रकरण सुरू झाले त्या वर्षी या शाळेचा पट ३१ होता. सप्टेंबरमध्ये एक कुटुंब कामासाठी कायमचे दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि त्यांच्या दोन मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मागितले गेले. दाखले दिले तर पट २९ होणार आणि पुढील वर्षीचे अनुदान २५,००० वरून १०,००० वर येणार हे मुख्याध्यापिकांना लगेच दिसले. दोन मुले गेल्याने वर्गखोल्या कमी होत नाहीत, वीजबिल घटत नाही, चार इयत्तांची अक्षरकार्डे तेवढीच लागतात. ३१ पट असताना विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ८०६ रुपये पडतात आणि ३० पट असताना ३३३. एका मुलाच्या फरकाने शाळेचे १५,००० रुपये जातात, आणि हा फटका नेमका लहान गावांतील शाळांनाच बसतो.

दुसरी अडचण वेळेची होती. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, पण शाळेच्या खात्याला खर्चाची मर्यादा मिळाली ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा हातची जाणार होती. पूर्वी अनुदान शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात जमा होई आणि खर्च होईपर्यंत तेथे राही. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा एका मध्यवर्ती खात्यात राहू लागला, शाळेचे खाते शून्य शिलकीचे झाले आणि शाळेला ठरावीक मर्यादेपर्यंत देयके काढता येऊ लागली. बिनवापर पडून राहणाऱ्या पैशाला यामुळे आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. मात्र पहिलीच्या मुलाच्या हाती जूनमध्ये जे कार्ड असायला हवे, त्याचा पैसा मार्चच्या तोंडावर दिसतो.

तिसरी अडचण बिलाची होती, आणि ती बाहेरून लक्षात येत नाही. शंभर मण्यांची माळ हे या शाळेतील सर्वात जास्त वापरले जाणारे साहित्य. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशा क्रमाने ओवलेली ही माळ दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधली, की सदतीसपर्यंत मोजणारे मूल तीन पूर्ण दशके आणि वर सात मणी हे बोटाने सरकवून पाहते. मणी आठवडी बाजारात सुटे मिळतात, नायलॉनचा दोरा शेजारच्या टपरीवर मिळतो. दोन्हीकडे पक्के बिल मिळत नाही. पीएफएमएस या सरकारी पैसे देण्याच्या संगणकीय प्रणालीतून देयक काढायचे तर विक्रेत्याचे नाव आणि बँक खाते नोंदवावे लागते, एकाने देयक तयार करायचे, दुसऱ्याने ते मंजूर करायचे, मग छापील आदेशावर सह्या घेऊन तो बँकेत द्यायचा. एवढ्याशा मण्यांसाठी हे कोणी करत नाही. शिक्षक खिशातून पैसे देतो आणि विसरून जातो. शाळेतील अशा वस्तूंची यादी केली तेव्हा सर्वात उपयोगी साहित्यातील बराचसा भाग याच मार्गाने आलेला दिसला. हा खर्च कोठेही लिहिलेला नव्हता. त्यामुळे कागदावर शाळेला साहित्याची टंचाई कधी जाणवलीच नव्हती, आणि माझ्या मते हीच या प्रकरणातील सर्वात गंभीर गोष्ट आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय समितीच्या बैठकीत एका पालकाने सुचवला: दोन्ही मुलांची नावे ३० सप्टेंबरपर्यंत पटावर ठेवावीत आणि दाखले ऑक्टोबरमध्ये द्यावेत. सुचवणाऱ्याचा हेतू शाळेच्या भल्याचा होता आणि त्याने ते मोकळेपणाने मांडले. पण यू-डायस प्लसमध्ये आता विद्यार्थीनिहाय नोंद असते. जुन्या शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, सोडल्याशिवाय नव्या शाळेला त्याची नोंद आपल्याकडे घेता येत नाही. म्हणजे या शाळेचे १५,००० रुपये वाचवण्यासाठी दोन मुलांची नवी शाळा त्यांना आपल्या पटावर दाखवू शकली नसती, आणि तेथील पाठ्यपुस्तके, पोषण आहार यांच्या हिशोबातूनही ती मुले बाहेर राहिली असती.

दुसरा पर्याय लोकसहभागाचा होता. शैक्षणिक उठावाची, म्हणजे गावाकडून शाळेसाठी वस्तू किंवा पैसा जमवण्याची, परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि अनेक शाळा तिच्यामुळे उभ्या राहिल्या आहेत. या गावातील बहुतेक पालक मात्र शेतमजूर असल्याने वर्गणीचा आकडा लहानच राहिला असता. शिवाय ऐच्छिक वर्गणी लहान गावात ऐच्छिक राहत नाही. कोणी किती दिले हे सगळ्यांना माहीत असते आणि न देणाऱ्या घरातील मूल संकोचते. मोफत शिक्षणाचा हक्क असलेल्या मुलाच्या वाट्याला हा संकोच येऊ नये, हे मुख्याध्यापिकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

ग्रामपंचायतीचा मार्गही होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होता, उरलेला अबंधित भाग गावाच्या गरजेनुसार वापरता येत होता. त्यातून शाळेला मदत मिळू शकत होती, पण त्यासाठी गरज ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावी लागते. दुकानदाराकडून उधारीवर साहित्य घेऊन अनुदान आल्यावर पैसे द्यायचे, हाही मार्ग चर्चेत आला. अनुदान किती आणि केव्हा येईल याची खात्री नसल्याने उधारी शेवटी शिक्षकांच्याच अंगावर आली असती, म्हणून तो लगेच मागे पडला. आणि काहीच न बदलता दोघा शिक्षकांनी पूर्वीसारखे खिशातून भागवत राहायचे, हा न बोललेला पर्याय तर होताच.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय दाखल्यांचा होता आणि तो त्याच बैठकीत झाला. दोन्ही मुलांचे दाखले दिले गेले, प्रणालीत नोंद सोडली गेली आणि पट २९ भरला गेला. मुख्याध्यापिकांनी या निर्णयाचा आर्थिक परिणामही इतिवृत्तात लिहून घेतला: पट दोनने कमी झाल्याने पुढील वर्षी अनुदानाची वर्गवारी बदलेल आणि १५,००० रुपये कमी मिळतील. प्रामाणिक निर्णयाची किंमत लिहून ठेवण्याची ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी साहित्य कमी का आहे, असा प्रश्न आला की उत्तर आधीच कागदावर असते.

दुसरा निर्णय शिक्षकांचा स्वखर्च लिहून ठेवण्याचा होता. तो लांबला, कारण तो शिक्षकांच्या मनाशी निगडित होता. समितीच्या अध्यक्षा म्हणजे तिसरीतील एका मुलीची आई. यादीचे काम चालू असताना त्यांनी मणीमाळेकडे बोट दाखवून विचारले, ‘‘बाई, हे कुठल्या पैशातून आलं?’’ उत्तर ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘पावती नसेल तर निदान वहीत तरी लिहा. आम्हाला कळायला नको का?’’ सहशिक्षकांना ते रुचले नाही. मुलांसाठी केलेला खर्च लिहून ठेवणे म्हणजे उपकार मोजल्यासारखे होईल, असे त्यांना वाटले. आणि विनाबिल खर्चाची वही पाहून लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, अशी रास्त शंकाही त्यांनी मांडली. प्रश्न केंद्रप्रमुखांपर्यंत, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या (केंद्राच्या) अधिकाऱ्यांपर्यंत, गेला. त्यांनी तोडगा सुचवला: ही वही रोकडवहीपासून पूर्णपणे वेगळी ठेवावी, तिच्यातील रकमेची भरपाई मागू नये, आणि दरमहा बैठकीत तिचे वाचन करून एकूण रक्कम इतिवृत्तात घ्यावी. मग ती हिशोबाची वही न राहता गरजेची नोंद ठरते. ऑक्टोबरमध्ये ‘स्वखर्च नोंद’ या नावाने वही सुरू झाली. तारीख, वस्तू, रक्कम, कोणत्या इयत्तेसाठी आणि बिल का नाही, एवढेच रकाने ठेवले.

डिसेंबरमध्ये ग्रामपंचायतीला पत्र दिले गेले. आराखडा तयार करण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालू असते, त्यामुळे पत्र पोहोचले तेव्हा कामांची यादी जवळजवळ ठरली होती. सरपंचांनी पत्र ठेवून घेतले आणि पुढील वर्षी वेळेत येण्यास सांगितले.

जूनमध्ये नवे वर्ष १०,००० रुपयांच्या अपेक्षेवर सुरू झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत तेवढीच मर्यादा दिसली. १,००० रुपये स्वच्छतेला, त्यानंतर वीजबिलाची थकबाकी, नळदुरुस्ती आणि नोंदवह्या असे बाजूला काढल्यावर वर्गातील साहित्यासाठी तीन हजारांच्या आसपास रक्कम उरली. याच दिवसांत एका पुरवठादाराने तयार साहित्यसंच दाखवला. एक वस्तू, एक बिल, एक नोंद, आणि काम एका दिवसात पूर्ण. मार्चच्या गडबडीत असा संच घेणे किती सोपे असते हे कोणत्याही मुख्याध्यापकाला सांगावे लागणार नाही. सहशिक्षकांनी संचातील वस्तू एकेक करून शाळेत आधीपासून असलेल्या गणित पेटीशी ताडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक वस्तू पेटीत होत्याच, तक्ते भिंतीवर लावून पाहण्यापुरते होते, आणि मुलाने हातात घेऊन एकट्याने करावे असे त्यात फारसे काही नव्हते. संच नाकारला गेला.

त्याऐवजी समितीने वेगळा विचार केला. फेब्रुवारीत येणारा पैसा चालू वर्षाच्या गरजेला उशिरा येत असेल, तर तो पुढच्या जूनची आगाऊ खरेदी समजून वापरावा. स्वखर्चाच्या वहीत जून ते ऑगस्ट या महिन्यांत काय काय लागले होते याची आयती यादी होती. त्यावरून जाड कार्डपेपर, पुठ्ठे, मार्कर, रंगीत खडू, पारदर्शक चिकटपट्टी आणि नव्या पाट्या तालुक्याच्या एका नोंदणीकृत दुकानातून घेतल्या. गोष्टींची पुस्तके या यादीतून मुद्दाम वगळली, कारण त्यांच्यासाठी ग्रंथालय अनुदानाचे शीर्ष होते. खरेदी साठा नोंदवहीत घेऊन लोखंडी कपाटात ठेवली. एप्रिलमध्ये, चौथीची मुले सोबतीला घेऊन, शिक्षकांनी पहिलीची अक्षरकार्डे कापून, लिहून, चिकटपट्टीने मढवून ठेवली.

परिणाम

पुढच्या जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलांच्या हाती पहिल्या आठवड्यातच कार्डे होती. दोन्ही शिक्षकांच्या सांगण्यानुसार दुसऱ्या गटाला शिकवताना पहिलीची मुले आता अधिक वेळ स्वतःच्या कामात राहतात. मुलांच्या वाचनात यामुळे किती फरक पडला, याचे मोजमाप या प्रकरणात झालेले नाही.

वहीने एका पूर्ण वर्षात दाखवलेला स्वखर्च सहा हजार रुपयांच्या थोडा वर होता. म्हणजे शाळेला मिळालेल्या संपूर्ण संयुक्त अनुदानाच्या ६० टक्क्यांहून अधिक रक्कम दोन शिक्षकांनी स्वतः घातली होती. सर्वात मोठा वाटा छायाप्रतींचा निघाला, आणि तो कोणाच्याच अंदाजात नव्हता. हा आकडा शाळा विकास आराखड्यात स्वतंत्र परिच्छेद म्हणून घातला गेला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम आहे, आणि कलम २२ प्रमाणे समितीने केलेला आराखडा हा शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असायला हवा. प्रत्यक्षात अनुदानाची मर्यादा आराखड्यामुळे बदलली नाही. त्या वर्षी पट एकाने वाढून ३० झाला, आणि वर्गवारी तीच राहिली.

ग्रामपंचायतीने दुसऱ्या वर्षी वेळेत दिलेली मागणी आराखड्यात घेतली, पण अर्धीच. मांडण्या आणि सतरंज्या मंजूर झाल्या. कार्डपेपर, छायाप्रती यांसारख्या संपून जाणाऱ्या वस्तू नामंजूर झाल्या, कारण त्या पुढे दाखवता येत नाहीत, असे कारण चर्चेत निघाले. हे कारण ग्रामपंचायतीच्या बाजूने समजण्यासारखे आहे, तरी वर्गात रोज लागणारे साहित्य बहुतांशी संपणारेच असते. त्याच्यासाठी कोणतेच कार्यालय सहजपणे पैसे देत नाही.

वेगळे काय करता आले असते

स्वखर्चाची वही जूनमध्ये सुरू झाली असती, तर पहिल्याच वर्षी डिसेंबरच्या पत्राला आकड्यांचा आधार मिळाला असता. ते पत्रही ऑगस्टअखेर तयार असायला हवे होते. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते हे समितीतील कोणालाच ठाऊक नव्हते. ही साधी माहिती शाळा व्यवस्थापन समित्यांच्या प्रशिक्षणात ठळकपणे दिली जावी.

बिल न मिळणाऱ्या वस्तूंचा प्रश्न या शाळेने सोडवला नाही. मणी आजही शिक्षकांच्या खिशातूनच येतात. केंद्रातील सर्व शाळांनी मिळून नोंदणीकृत असलेल्या एका दुकानदाराला अशा वस्तूंची यादी दिली असती, तर त्याने मणी, दोरा, काड्या ठेवल्या असत्या आणि प्रत्येक शाळेला एका बिलात सगळे मिळाले असते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय घेता आला असता. तो न घेण्याचे कारण दोघा शिक्षकांचा संकोच होता, आणि स्वखर्चाबद्दल उघड बोलण्याचा हा संकोच मला बहुतेक शाळांत आढळतो.

नावे पटावर ठेवण्याच्या प्रस्तावाबाबत माझे मत असे आहे, की निर्णय योग्य झाला, पण असा मोह निर्माण करणारी वर्गवारी बदलली पाहिजे. प्रत्येक शाळेला एक स्थिर रक्कम आणि तिच्यावर प्रतिविद्यार्थी ठरावीक रक्कम, अशी रचना असती, तर दोन मुलांच्या जाण्याने १५,००० रुपयांचा प्रश्न उभा राहिला नसता. इयत्तांची संख्या हाही निकष हवा, कारण अक्षरकार्डांचे संच इयत्तांप्रमाणे लागतात, डोक्यांप्रमाणे नव्हे. शिवाय शिक्षकाच्या नावाची जुनी ५०० रुपयांची तरतूद, आजच्या किमतीला साजेशी करून आणि साध्या स्वयंप्रमाणित यादीवर, जूनमध्येच द्यायला हवी. अमेरिकेत शिक्षकांच्या स्वखर्चाला २००२ पासून संघीय प्राप्तिकरात वजावट मिळते. तिची मर्यादा आधी २५० डॉलर होती, २०२२ च्या करवर्षापासून ती ३०० डॉलर झाली. वजावट हा पुरेसा उपाय नाही, कारण पैसे आधी शिक्षकालाच घालावे लागतात. पण त्या निमित्ताने हा खर्च शासनाच्या कागदावर येतो.

या शाळेच्या समितीने अनुदानाची रचना, इयत्तांचा निकष आणि शिक्षकाच्या नावाची रक्कम या तिन्ही मागण्यांचा ठराव वहीच्या वार्षिक गोषवाऱ्यासह गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवला आहे. केंद्रातील आणखी दोन शाळांनी याच रकान्यांची वही या जूनपासून सुरू केली असून, मार्चअखेर तिन्ही शाळांचे आकडे एकत्र करून पाठवण्याचे ठरले आहे.